एरंडाचं गणगोत

सुमे,

शाळेच्या मागच्या कुंपणाला मोगली एरंड आहे, असं तू परवा फोनवर बोलता बोलता सांगितलंस आणि लगेच बदलीच्या नि खोलीभाड्याच्या गोष्टींकडे वळलीस. माझं लक्ष मात्र त्या कुंपणातच अडकलं. तेव्हा आधी तेवढं ऐक, बाकीचं मागाहून.

मोगली एरंडाचं फळ हिरवं असतं तोवर पोरं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मग ते पिवळं पडतं, काळं होऊन वाळतं आणि फोडलं की आत काळ्या टरफलाच्या तीन बिया निघतात. टरफलाच्या आत पांढरा गर. चवीला गोडसर, शेंगदाण्याच्या जवळ जाणारा. घात इथेच आहे. तो कडूजहर असता तर कुणी दुसरी बी तोंडात टाकली नसती. मधल्या सुट्टीत एक जण खातो, मित्राला देतो, आणि थोड्या वेळानं चार-पाच पोरं पोट धरून ओकायला लागतात. अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. गावाचं नाव बदलतं, झाड तेच. कुणी त्याला चंद्रज्योत म्हणतं, कुणी जट्रोफा.

तर पहिलं काम, वाळकी फळं पोरांच्या हाती लागण्याआधी उतरवून घ्यायची. पोरांचा हात पोचतो तेवढा पट्टा सरळ काढून टाकायचा आणि तिथं कोरांटी किंवा मेंदी लावायची. सगळं कुंपण एका दिवसात उपटू नकोस, गावकरी चिडतील. त्यांनी ते गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लावलंय, आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

दुसरं, खाल्लंच कुणी तर. ओरडायचं नाही. ओरडलीस की बाकीचे खाल्लेलं लपवतात, आणि लपवणाऱ्यालाच रात्री घरी त्रास होतो. शांतपणे नावं विचारायची, किती बिया नि किती वाजता तेही विचारायचं, १०८ला फोन करायचा. ज्याला अजून काही होत नाही त्यालाही दवाखान्यात न्यायचं. सोबत एक फळ किंवा डहाळी न्यायची, म्हणजे डॉक्टरांना अंदाज बांधत बसावं लागत नाही. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावणं, तूप-दूध पाजणं हे गावात कुणीतरी सुचवणारच. त्यांना खुर्चीवर बसव, चहा दे, पण पोरांपासून लांब ठेव.

आणखी एक. या झाडाचं पान देठासकट तोडलं की देठाच्या टोकाशी रसाचा पातळ पडदा येतो. त्यावर हळूच फुंकर घातली की साबणाच्या फेसासारखे फुगे उडतात, उन्हात त्यांवर रंगही दिसतात. हा खेळ तुझी पोरं खेळत असणारच. खेळ बंद करायला गेलीस तर चोरून खेळतील. त्यापेक्षा हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम कर.

ही वनस्पती मूळची आपली नव्हे, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. २००३च्या सुमारास हिच्या बियांतून बायोडिझेल काढायची देशभर मोठी हवा झाली. पडीक माळावर, पाण्याशिवाय, खताशिवाय पैसा, असं सांगितलं जाई. झाड जगतं खरं, पण जगणं वेगळं नि बी धरणं वेगळं. पाणी नाही तर पीकही नाही, हे माळावर दोन-तीन हंगामांतच दिसलं. २०१८ साली डेहराडूनहून दिल्लीला एक विमान या तेलाचं मिश्रण भरून उडालंही. आमच्या माणदेशात मात्र ते कुंपणाचं झाड होतं, कुंपणाचंच राहिलं.

आता हे गणगोत ओळखायचं कसं ते सांगतो. ओळख एकदा पटली की रस्त्याकडेच्या निम्म्या झाडांकडे तू वेगळ्या नजरेनं बघशील. एरंड कुळात साडेसहा हजारांच्या आसपास जाती आहेत. फरशीच्या फटीत चिकटून वाढणारी दुधी त्यातली, काट्याकाट्यांचा निवडुंग त्यातला, आणि केरळातला उंच रबरही त्यातलाच. बाहेरून बघितलं तर एकाचं दुसऱ्याशी काही नातं असेल असं वाटत नाही.

लोक सांगतात, चीक आला की हे कुळ. हे अर्धंच खरं. वड-पिंपळालाही चीक येतो, रुईला येतो, चाफ्याला, पपईला येतो, आणि यातलं एकही या घरचं नाही. उलट ज्याच्या नावानं कुळ ओळखतात त्या एरंडाचंच पान मोडून बघ, पांढरा चीक येत नाही, पाण्यासारखा रस येतो. चिकावर विसंबू नकोस. फळ बघ. बोंड तीन फुगवट्यांचं, आत तीन कप्पे, बहुतेक प्रत्येक कप्प्यात एक बी. चाळीस वर्षं शेताच्या बांधांवरून हिंडताना मला ही खूण सगळ्यात उपयोगी पडली. एक-दोन जातींत कप्पे कमी-जास्त भरतात, पण दहात नऊ वेळा निकाल लागतो. उन्हाच्या दिवसांत एरंडाची वाळलेली बोंडं अंगणात पसर, दुपारी तडतड आवाज येईल. कप्पे फुटून बिया भिंतीवर आपटतात. पोरांना हे दाखव. बिया मोजायला नि वेचायला लाव, पण तोंडात नको आणि माळ ओवायलाही नको. एरंडाची बी गुळगुळीत, करड्या-तपकिरी नक्षीची, टोकाला छोटी मऊ गाठ असलेली. बघताक्षणी माळ करावीशी वाटते. पण सुईनं टरफलाला भोक पडलं की आतलं विष बोटांपर्यंत येतं.

भिंग आहे का शाळेत? असेल तर ग्राउंडवरची दुधी उपटून आण. जमिनीसरशी पसरणारी, जोडीजोडीनं पानं, पानाची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित रुंद, पानांच्या बेचक्यात हिरव्या-तांबूस घोसांची गर्दी. तिला नायटी असंही म्हणतात. त्या घोसातला एक दाणा भिंगाखाली धर. इवलीशी वाटी दिसेल, वाटीच्या काठावर बारीक ग्रंथी, आत एकेका पुंकेसराची नर फुलं, आणि मधून देठावर बाहेर लोंबणारं, सूक्ष्म लव असलेलं, तीन फुगवट्यांचं फळ. आपण ज्याला एक फूल समजतो तो अख्खा फुलोरा निघतो. नर्सरीतल्या लाल पॉइन्सेटियातही हेच. लाल दिसतात ती पानं, फुलं मधल्या पिवळसर वाट्यांत. तण नि तीनशे रुपयांची कुंडी यांची घडण एकच आहे, हे पाचवीच्या पोराला भिंगातून दिसतं. मोठ्यांना सांगून पटत नाही.

निवडुंगाच्या बाबतीत एक घोळ कायम होतो. फड्या निवडुंग, ज्याला चपटे फडे नि लाल बोंडं येतात, तो कॅक्टस. अमेरिकेहून आलेला, या कुळाशी संबंध नाही, चीकही नाही. त्रिधारी निवडुंग आणि साबर, ज्यांच्या कांड्याला धारा असतात आणि काटे जोडीजोडीनं येतात, ते मात्र एरंडाच्या घरचे. नखानं टोचलं की पांढरा चीक भळाभळा येतो. आफ्रिका नि आशियाच्या कोरड्या भागांत यांनी कॅक्टससारखं अंग धरलं, तिकडे अमेरिकेत कॅक्टसनं. ऊन एकच, तहान एकच, म्हणून रूप सारखं झालं. टोचून बघितल्याशिवाय मी कुणालाही निवडुंगाचं नाव सांगत नाही.

शेराबद्दल नीट ऐक, कारण तुझ्या गावाकडे बांधाबांधाला शेर असणार. पानं नसल्यासारखा, पेन्सिलीएवढ्या हिरव्या कांड्यांचा. मूळ आफ्रिकेतला, पण आपल्याकडे इतका रुळलाय की कुणी परका मानत नाही. नोबेल मिळवलेल्या मेल्विन कॅल्विन नावाच्या शास्त्रज्ञानं याच्या चिकातून इंधन काढायचं स्वप्न बघितलं होतं. आपण कुंपणापुरतं बघू. शेर तोडताना चीक उडतो, आणि डोळ्यात गेला तर पहिल्या मिनिटाला नुसती चुरचुर, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. तीन-चार तासांनी डोळा लाल, पाणी, आग, उजेड सहन होत नाही, दिसायचं अंधुक. रात्री मग धावाधाव.

तोडायला कुणाला लावलंस तर चष्मा घालायला लाव, साधा गॉगलही चालेल. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. डोक्याच्या वरची फांदी खालून छाटायची नाही, चीक तोंडावरच येतो. हातांना आधी खोबरेल किंवा कसलंही तेल चोळायचं. हा चीक नुसत्या पाण्यानं सुटत नाही, तेल नि साबणानं सुटतो. काम संपेपर्यंत कपाळाचा घाम हातानं पुसायचा नाही. या घामापायीच चीक डोळ्यात जातो. तरी गेलाच चीक, तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडायची. चोळायचं नाही, तूप-मध-दूध काही घालायचं नाही, आणि बरं वाटलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. वेळेत गेलं तर बहुतेक डोळे पूर्ववत होतात. छाटलेल्या फांद्या चुलीत घालायच्या नाहीत, धूरही झोंबतो.

कोकणात खाडीकाठी गेवा नावाचं खारफुटीचं झाड आहे, त्याचा चीक याच जातकुळीतला. खारफुटीत फांद्या बाजूला सारत शिरणारा खाडीकाठचा माणूस त्याला ओळखून असतो. गळण्याआधी त्याची पानं लाल होतात, तेवढ्या खुणेवर तू लांबून ओळखशील.

आता खुद्द एरंड. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, आणि लांबलेल्या बोलण्याला एरंडाचं गुऱ्हाळ म्हणून हिणवतात. पण ज्याच्या घरी डाळ साठवायची असते त्याला त्याची किंमत कळते. तुझी आजी वर्षाची तूरडाळ भरताना किलोमागे चमचाभर एरंडेल हाताला घेऊन दाण्यादाण्याला चोळायची. तेलाचा पातळ थर बसला की भुंग्यानं घातलेली अंडी गुदमरतात, डाळ पोखरत नाही. डाळ आधी कडक उन्हात वाळवलेली हवी, डबा कोरडा हवा. वापरताना कोमट पाण्यानं दोनदा धुवायची, नाहीतर आमटीला तेलकट वास मारतो. बाजारात औषधाच्या गोळ्या मिळतात त्यांपेक्षा मला हे शंभरदा बरं वाटतं.

तेलात विष नाही, हे लोकांना सांगून पटवावं लागतं. एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं. १९७८ साली लंडनमध्ये जॉर्जी मार्कोव्ह नावाच्या बल्गेरियन लेखकाला पायात छत्रीनं बारीक गोळी टोचून मारलं, त्यात रिसिनच असावं असा निष्कर्ष निघाला. मोठ्या वर्गाला सांग, पोरं झाड विसरणार नाहीत. पण रिसिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. घरी तेल काढताना बाया बिया भाजून, कुटून, पाण्यात खूप उकळून वरचं तेल काढायच्या, त्या उकळण्यानंही विष मोडायचं. म्हणून तेल औषध आणि पेंड फक्त खत. गुरांना पेंड घालायची नाही. गुलाबाच्या आळ्यात घातलीस तर माती ओढून झाक. विशेषतः त्यात हाडांचा चुरा मिसळला असेल तर कुत्री वासानं येऊन उकरतात, खातात नि मरतात. आणि औषध म्हणजे काय, तेही ऐक. पोटात घ्यायचं एरंडेल हे जोरदार रेचक आहे. दिवस भरत आलेल्या बाईला ते द्यायला निघालेली कुणी जाणती भेटली तर थांबव. त्यानं कळा सुरू होऊ शकतात, आणि ते डॉक्टरच्या नजरेखालीच व्हायला हवं. तान्ह्या बाळाच्या घुटीतही नको.

शेतात एरंडाचा सगळ्यात चांगला उपयोग राखण्या म्हणून होतो. सोयाबीन, भुईमूग, कपाशीच्या कडेनं विरळ ओळ लाव. स्पोडोप्टेरा या पतंगाची मादी मऊ रुंद पान बघून तिथंच अंडी घालते. पानामागं भुरकट केसाळ पुंजका दिसेल, किंवा पान जाळीदार पांढुरकं झालेलं दिसेल. तेच पान अळ्यांसकट तोडून साबणाच्या पाण्यात बुडवायचं. आठवड्यातून दोन फेऱ्या मारल्या की फवारणी वाचते. पण फेऱ्या मारायच्या नसतील तर एरंड लावूच नकोस, तू अळ्यांची पाळणाघरं उघडलीस असं होईल. कोकणात तुझ्या मावशीकडे माडाला गेंड्या भुंगा लागतो, तिला सांग, किलोभर एरंडीची पेंड पाच लिटर पाण्यात भिजवून मडक्यांतून बागेत ठेव. आंबलेल्या वासाला भुंगे येतात नि बुडतात. वास माणसालाही सोसवत नाही, मडकी घरापासून लांब.

आपल्याकडे होळीच्या मधोमध एरंड उभा करायची रीत आहे, पण पीक म्हणून त्याची खरी पेठ गुजरात. जगातलं बहुतेक एरंडेल भारतातून जातं आणि त्यातलं बहुतेक गुजरातमधून, वंगणाला, साबणाला, औषधाला, एका जातीच्या नायलॉनलासुद्धा. आसामकडे एरंडाच्याच पानांवर एरी रेशमाचे किडे पोसतात.

आणि एकादशीला तू जी खिचडी खातेस ती कुठून येते माहीत आहे? साबुदाणा कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचा, आणि कसावा याच कुळातला, मूळ दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांबरोबर इकडे आला, केरळात रुजला, आणि दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा साबुदाणा यायचा थांबला तेव्हा तामिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने उभे राहिले. आपला शास्त्रशुद्ध उपास एरंडाच्या परदेशी चुलतभावावर चालतो, याची मला दर आषाढीला गंमत वाटते. साबुदाण्याची काळजी नको, पीठ धुऊन-गाळूनच तयार होतं. पण शहरात केरळी दुकानांत कच्चा कंद मिळतो, तो आणलास तर कच्चा चाखून बघू नकोस. त्यात सायनाइड सुटणारं द्रव्य असतं. साल जाड काढायची, तुकडे करून भरपूर पाण्यात झाकण न ठेवता उकडायचे, पाणी ओतून द्यायचं. सालं नि पाला शेळीपुढे टाकायचा नाही.

दोडामार्गाकडे सहल नेलीस तर रबराच्या बागा दाखव. पहाटे झाडाच्या सालीला तिरकी खाच पाडतात, तेव्हा चीक जोरात वाहतो, ऊन चढलं की मंदावतो. १८७६ साली हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून सत्तर हजार बिया लंडनला नेल्या, आणि आशियातल्या रबराच्या बागांचा वंश बहुतांशी तिथून निघाला. फळ तेच, तीन कप्प्यांचं.

नर्सरीबद्दल थोडं. नर्सरीवाले नुसतं ‘युफोर्बिया’ म्हणतात ते काटेरी, लाल-गुलाबी फुलांचं झाड. त्याची, शेराची, निवडुंगाची कलमं लावायची एकच पद्धत. कापलं की तोंड पाण्यात बुडवून चीक थांबवायचा, मग सावलीत आठवडाभर सुकू द्यायचं. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली की भरड वाळूत लावायचं, आणि सुरुवातीला पाणी जवळजवळ नाहीच. ओली कलमं लावणाऱ्यांची कुजतात, मग ते नर्सरीवाल्याला शिव्या देतात. पॉइन्सेटिया लाल होत नाही अशी तुझ्या काकूची तक्रार असते. तिच्या कुंडीवर रात्रभर रस्त्याचा दिवा पडतो. त्या झाडाला ऑक्टोबरपासून रोज चौदा तास सलग गडद अंधार लागतो, मधे दिवा लागला की सगळं फिसकटतं. कुंडी जागेवरून हलव म्हणावं, खत नको.

अंगणात खोकली नावाचं तण उगवेल, पानांच्या बेचक्यात हिरव्या वाट्यांसारखी छदं असतात. मुळासकट उपटून ओट्यावर ठेव. मांजर असेल तर येऊन त्या मुळावर लोळेल, अंग घासेल, शुद्ध हरपल्यासारखं करेल. ते बघायला मला अजून आवडतं. माणसानं मात्र खोकल्याला हा पाला खाऊ नये. काही जणांच्या रक्तात जन्मतः एका विकराची उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी या पाल्यानं फुटतात, आणि आपण त्यातले आहोत की नाही हे बहुतेकांना ठाऊक नसतं. रानात वेलीसारखी खाजकोलती भेटेल, तिच्या केसांनी आग होते. खाजवायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढायची, केस निघून येतात.

जमालगोटा, दंती, निवडुंगाचा चीक ही सगळी या घरची जुनी औषधं, आणि तिन्ही वैद्याच्या हातचीच. क्षारसूत्राचा दोरा असतो ना, भगंदराला बांधतात तो, त्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे, हळदीचे मिळून एकवीस थर देतात, प्रत्येक थर वाळवून. एवढ्या निगुतीनं वापरायची ती गोष्ट. कुणी अंगणातला चीक चामखिळीवर लावायला सांगितला तर हसून विषय बदल. गणगोत एक असलं तरी भाऊबंदकी वेगळी. एकाचा कंद उपासाला चालतो म्हणून दुसऱ्याची बी चालत नाही.

आवळ्याचं विचारतील पोरं, कारण जुन्या पुस्तकांत आवळा, रायआवळा, भुईआवळा याच कुळात लिहिलेले असतात. नंतर जनुकांवरून नाती तपासली तेव्हा आवळ्यांचं वेगळं कुळ केलं. परीक्षेत पुस्तकात असेल ते लिहू दे, पण डहाळी मोडून दाखव, चीक नाही. मात्र पांढरा चीक एरंडालाही नाही, तेव्हा तेवढ्यावरच निकाल देऊ नकोस.

आणि पाचगणीच्या पठारावर जाल तेव्हा एक ध्यानात ठेव. तिथल्या कातळावरच्या पातळ मातीत या कुळाची एक बुटकी, कंदाची जात आहे, सह्याद्रीबाहेर कुठे सापडत नाही. शास्त्रीय नावातच पाचगणी आहे. तशीच एक खंडाळ्याच्या नावाची. गाडीवाल्याला पठारावर गाडी चढवू देऊ नकोस, आणि कुणी कंद उकरायला लागलं तर हात धर. फोटो काढ, जमिनीला डोकं टेकवून काढावा लागेल. बोंड आलं असेल तर ते नीट दिसेल असा काढ आणि मला व्हॉट्सअ‍ॅप कर. फूल नसलं तरी चालेल.

तुझा मामा